कुवेतची पट्टी आणि आमचा फणस

सूनबाईनं आज भाकरी वाढायच्या आधीच अट घातली. "मामा, पाव्हणे आलेत. ते कुवेतचं सांगा." मी काय तमाशातला सोंगाड्या आहे? पण भाकरी तिच्या हातात, म्हणून सांगतो.

आमच्या मुळशीच्या लोहारसाळेत लोखंड कमी आणि गप्पा जास्त घडायच्या. विळ्याला धार लावायला आलेला माणूस एक किस्सा टाकून जायचा, आणि तो तिथंच राखेत साचायचा. निम्मे किस्से कुवेतचे. कारण गावातला रामा तिथं तेलाच्या कंपनीत, भटारखान्यात होता. रजेवर आला की अत्तर लावून ऐरणीशेजारी बसायचा.

उरलेले निम्मे माझ्या चुलतभावाचे, किसनचे. त्याचं भातखाचर माझ्या खाचराला लागून. मधल्या बांधावर माझ्या बापानं लावलेला फणस. किसन दर पावसाळ्यात चिखलणीला बांध माझ्या बाजूला सरकवायचा. मी ओरडलो नसतो, तर फणस एक दिवस त्याच्या खाचरात उभा दिसला असता!

*

रामा पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "तितं नदी न्हाई, ओढा न्हाई, नुसती वाळू. पियाचं पाणी शेजारच्या इराकच्या नदीतनं गलबतानं येतं."

लोहार भाता सोडून बघत राहिला. "आमाला बुडवाया धरणभर पाणी, आन त्यास्नी पियाला न्हाई?"

रामाची आई वेगळ्याच काळजीत. "म्हंजे दोन वर्सं तू आंघूळच केली न्हाईस? म्हणून अत्तर लावतोस व्हय!"

*

लोहारीण म्हणाली, "रॉकेल त्याच मुलखातनं येतं ना? मग आमची चिमणी तडतडती कशानं?"

रामा म्हणाला, "काकू, तेलाचा मुलूख येगळा, पाण्याचा येगळा. दोनी एका जागी बघायचं आसंल, तर आपल्या वाण्याच्या डब्यात बघ!"

वाणी शेजारीच बसला होता. विळा न घेताच गेला.

*

रामा सांगत होता, "तेलासंगट वायू निघतो, तो पेटवून देत्यात. समद्या रानात रातभर दिवसावानी उजेड!"

आमच्या धरणाच्या पाण्याची वीज मुंबईला जायची, आणि आम्ही चिमणी फुंकत बसायचो. एवढ्यात विळा घेऊन आलेली भागूआत्या हळूच म्हणाली, "आरं, मग तितल्या बायका परसाकडं कवा जात्यात?"



*

एकदा त्यानं कोळशानं जमिनीवर नकाशा काढला. वर इराक, खाली सौदी, उगवतीला समुद्र, पलीकडं इराण. कोपऱ्यात बोटाएवढं कुवेत.

"दोन जमीनदारांच्या मधी एवढंसं खाचर. पण पोटात तेल, म्हणून समद्या दुनियेची जहाजं त्याच्या दारात! इंग्रज तितनं हालला, तसा इराक म्हणला, ह्ये रान पयल्यापास्नं माझंच. मग इंग्रजाची पलटण म्हागारी आली."

सगळ्यांनी एकदम किसनकडं बघितलं.

"माज्याकडं काय बघताय?" किसन भडकला. "मी काय पलटणीला भितोय?"

*

त्यावर रामानंच तोड काढली. "सौदीसंगट बी त्यांचा बांधाचा वाद व्हता. मग मधली एक पट्टी दोगांची ठिवली. तितं जे गावंल ते निम्मं-निम्मं."

लोहाराला हे पटलं. त्यानं फणसाभोवती खुंट्या मारून पट्टी आखली आणि आम्हा दोघांचे हात ऐरणीवर ठेवून वदवून घेतलं, "पट्टीत जे पडंल ते निम्मं-निम्मं!" बापाचं झाड, आणि मी निम्म्यावर राजी झालो. निदान बांध तरी थांबला.

*

पुढच्या मोसमात मी फणस उतरवायला चढलो. फांदी ओली. फणस, कोयता आणि मी, तिघंही खाली!

किसन धावत आला. मला वाटलं, शेवटी रक्ताचं माणूस! त्यानं आधी फणस उचलला, बोटानं वाजवला, कानाला लावला. "फुटला न्हाई," म्हणाला, आणि बाजूला नीट ठेवला.

"आरं, माझं कंबरडं मोडलं! उचल मला!"

त्यानं खुंट्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. खाली बसून माझ्या काखेत हात घातले आणि मला कमरेपर्यंत उचलून धरलं. पुढं हलेना.

"आरं, चल की!"

"पट्टीत पडलायस, दादा," तो म्हणाला. "माझं निम्मं मी उचललंय. तुजं मानूस यिऊ दे."

रजेवर आलेला रामा माझा ओरडा ऐकून येईपर्यंत मी तसाच लोंबकळत! आज माझी कंबर वाकडी आहे, झाड अजून उभं आहे, आणि किसननं माफी मागायची अजून राहिली आहे.