हॉयट जिवंत असताना

नेल्डा स्प्राउल आमच्या हॅडली काउंटीत शाळेची बस चालवायची. बसमध्ये ती कधी ओरडली नाही. आरशातून नुसती बघायची, आणि मागच्या बाकावरची दांडगी पोरं गप्प व्हायची. आडव्या अंगाची, कमी बोलणारी, आणि मानी. मानी माणसाचं नुकसान कसं होतं ते मला काउंटीच्या नोंदणी कचेरीत बसून रोज दिसतं, पण नेल्डाचं होता होता राहिलं.

तिचा नवरा रेल्वेत होता. तो वारला तेव्हा ती तरुणच होती. दुसरं लग्न केलं असतं तर त्याची पेन्शन बंद झाली असती. म्हणून हॉयट ब्रॅनमच्या घरात ती लग्नावाचून राहिली, वीसेक वर्षं. हॉयट विधुर, लाकडाच्या गिरणीवरचा. मिसुरीतल्या आमच्या गावात नावं ठेवायला एवढं कारण पुरतं. चर्चमधल्या बाया तिने केलेला केक मिटक्या मारत खायच्या आणि बाकावर तिच्यापासून हातभर लांब बसायच्या.

घर हॉयटच्या नावावर. त्याच्या पश्चात ते टल्सा शहरात राहणाऱ्या त्याच्या मुलाला, डॅरेलला जाणार, कारण कायद्याच्या हिशेबी नेल्डा त्याची कुणीच नव्हती. घराचा कागद कर म्हणून मी हॉयटला सारखी टोचायची. तो म्हणायचा, "ट्रेसा, अख्ख्या काउंटीला ठाऊक आहे हे घर नेल्डाचं आहे."

"काउंटीला काय ठाऊक आहे ते माझ्या नोंदणी कचेरीत ठरतं हॉयट, कॉफीच्या दुकानात नाही."

शेवटी एका वसंतात त्याने वकिलाकडून दस्त करून घेतला: मी आहे तोवर घर माझं, मी गेल्यावर नेल्डाचं. बँकेतल्या नोटरीसमोर सही केली, शिक्का घेतला आणि दस्त घरी नेऊन डीप फ्रीझरमध्ये हरणाच्या मटणाखाली ठेवला. आमच्याकडे बरीच माणसं तसंच करतात. घर जळालं तरी फ्रीझर उरतो म्हणे. त्यांच्या लेखी काम झालं. पण असला दस्त मालक जिवंत असतानाच आमच्याकडे नोंदवावा लागतो. तो मेल्यावर आणला तर रद्दी. वकिलाने हे नक्की सांगितलं असणार, आणि हॉयटने नक्की मान डोलावली असणार.

ऑक्टोबरात हॉयटला झटका आला. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि डॉक्टरांनी हात टेकले. मी जेवणाच्या सुट्टीत सँडविच घेऊन इस्पितळात गेले. नेल्डा बसवाल्यांच्या जाकिटातच खुर्चीत बसली होती.

"घराचं काय केलंत गं?" मी हळूच विचारलं.

"झालं ते. फ्रीझरमध्ये आहे."

काउंटीतला एकूण एक दस्त माझ्या हातून जातो आणि हा गेला नव्हता. कचेरीत बसून आम्हाला कुणाला सल्ला द्यायची मुभा नाही. पण मी त्या वेळी कचेरीत नव्हते, मी सँडविच खात होते. मी तिला सगळं सांगितलं.

तिने हॉयटचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "राहू दे. त्याचा श्वास चाललाय आणि मी कागद घेऊन तुझ्या कचेरीत शिरू? तिथे दाराशीच करवसुलीच्या खिडकीत ती डोरीन बसलेली असते. संध्याकाळपर्यंत गावभर होईल, मढं निघायच्या आधी बाई घर घ्यायला धावली म्हणून."

"मग किल्ली दे, मी आणते. मागच्या दाराने नेते."

"नको. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे मला जमत नाही. जायचं तर मीच जाईन. आणि मी जाणार नाही."

हॉयट ऐकत होता. वाकड्या तोंडातून त्याने एकच शब्द काढला, "जा."

"मी इथून हलणार नाही, हॉयट."

त्याने महत्प्रयासाने तोंड भिंतीकडे फिरवलं. नेल्डा उठून पलीकडे गेली, तर त्याने डोळे मिटून घेतले.

"बघितलंस?" ती मला म्हणाली. "मरतानाही रुसतो मेला!" मग तिने जाकिटाची चेन वर ओढली आणि गाडीची किल्ली उचलली.

मी कचेरीत परतले, आणि थोड्या वेळाने ती फ्रीझरमधला दस्त घेऊन पुढच्या दाराने आली. समोर कॉफीच्या दुकानातली म्हातारी टाळकी काचेला लागली होती. डोरीनने खिडकीतून मान काढली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा तिचा धंदाच.

"अगं बाई, नेल्डा! हॉयट कसा आहे?"

"जिवंत आहे," नेल्डा सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाली. "म्हणूनच आलेय."

कागद गारठून ताठ झाला होता. मी नावं तपासली, जमिनीचं वर्णन तपासलं, नोटरीचा शिक्का तपासला आणि नोंदवून घेतला. ती इस्पितळात परत पोचली तेव्हा हॉयटने तोंड तिच्याकडे वळवलं. दोन दिवसांनी तो गेला.

दफनानंतरच्या जेवणात डॅरेल सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "शेवटी घेतलंच ना घर?" नेल्डाने त्याच्यापुढे हॅमची ताटली धरली. तो न जेवताच टल्साला निघून गेला. मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

महिन्याभराने नेल्डा पुन्हा आली, पुढच्याच दाराने. हातात नवा दस्त, तिचा स्वतःचा. मी आहे तोवर घर माझं, मी गेल्यावर डॅरेल ब्रॅनमचं.

मी दस्त दोनदा वाचला. "त्याला सांगितलंस?"

"कशाला? उगाच दर रविवारी फोन करत बसेल."

"निदान डोरीनला तरी सांगू दे मला. अख्ख्या गावाला सांगते."

"तू तुझा शिक्का मार, ट्रेसा."

मी मारला. आमच्या कचेरीतली नोंद कुणालाही बघता येते, मागायचा अवकाश. घर लाटल्याच्या गप्पा अजून चालतात, पण ही नोंद बघायला आजवर कुणी आलेलं नाही.