मास्तरांची लेखी परीक्षा

मास्तरांनी आयुष्यात कुणाला फुकट काही ऐकवलं नाही. पैसे ते घेत नसत. त्यांची किंमत वेगळी होती. ते रेकॉर्डिंग पाठवत आणि त्याच्याखाली प्रश्नपत्रिका.

आमचा जॅझ ऐकणाऱ्यांचा फोनवरचा एक ग्रुप आहे. इतरांच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार येतात. आमच्याकडे कुणीतरी जुन्या तबकडीचा फोटो टाकतो आणि विचारतो, ‘ही कुणाकडे आहे का?’ दुपारपर्यंत तीन जण ‘आहे’ म्हणतात आणि संध्याकाळपर्यंत त्या तिघांचं आपापसात भांडण होतं. कुणाची प्रत जास्त स्वच्छ, कुणाच्या सुईने खरखर कमी येते, यावरून शिकलेली माणसं एकमेकांशी दोन-दोन आठवडे अबोला धरतात. मी दादरची, विमा कचेरीत नोकरी करणारी. मावसभावाने मला या ग्रुपवर घातलं आणि महिन्याभरात तो स्वतः बाहेर पडला. मी राहिले. मास्तर नसते तर मीही पळाले असते.

त्यांचा पहिला संदेश मला अजून आठवतो. ‘सोबतचे वादन दोनदा ऐकावे. प्रश्न एक : ड्रमवाला काठ्या ठेवून ब्रश कधी घेतो? प्रश्न दोन : सॅक्सोफोनवाला श्वास कुठे घेतो? प्रश्न तीन : शेवटची झांज किती वेळ वाजत राहते आणि कशी विझते? उत्तरे सविस्तर लिहावीत. छान, वा आणि अंगठा ही उत्तरे धरली जाणार नाहीत.’

मला वाटलं, हे निवृत्त हेडमास्तर असणार. तसं काही नव्हतं. नार्वेकर हे त्यांचं आडनाव, आणि नोकरी सगळी छापखान्यात गेली. एका वर्तमानपत्राच्या रोटरी मशीनवर ते फोरमन होते. ‘मास्तर’ हे नाव आमच्या दातारांनी ठेवलं. दातार दातांचे डॉक्टर. आडनावावरून होणारे सगळे विनोद त्यांनी कॉलेजात असतानाच ऐकून संपवले होते, त्यामुळे आम्ही कुणी करत नाही. दातारांची ऐपत ग्रुपमध्ये सर्वांत मोठी, स्पीकर तर त्यांच्या कपाटांहून उंच. पण मास्तरांच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेला त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं : ‘अप्रतिम.’

मास्तरांनी लिहिलं, ‘डॉक्टर, तुमचा पेशंट खुर्चीत बसून नुसतं ‘भयंकर’ म्हणाला तर तुम्ही कुठला दात काढाल? कुठे, कधी, किती ते सांगा. पुढचे रेकॉर्डिंग उत्तर आल्यावर मिळेल.’

आणि खरोखर दिलं नाही. दातार आठवडाभर रुसले, मग एका रविवारी दीड पान उत्तर लिहून पाठवलं. मास्तरांनी शेरा दिला : ‘काठावर पास.’ दातारांनी तो शेरा छापून दवाखान्यात लावला, पदवीच्या शेजारी.

मास्तरांचं बोलणं शिंप्याच्या दुकानातलं होतं, कारण त्यांचे वडील गिरगावात एका टेलरकडे शिवायला बसत. त्या दुकानात हॉटेलांतल्या बँडवाल्यांचे कोट शिवले जात. लहानपणी शाळा सुटली की मास्तर तिथेच, बटणांचे डबे लावत बसायचे. त्यामुळे कुठल्याही वादकाबद्दल लिहिताना त्यांच्या हातात मापाची टेप असे. कुणी उगाच लांबवत गेला की ‘बाही लांब झाली’. पियानोवाला मध्येमध्ये फार वाजवायला लागला की ‘इथे चुणी पडली’. आणि मोठ्या उभ्या बेसबद्दल ते म्हणत, ‘बेस म्हणजे अस्तर. दिसत नाही, पण नसलं तर कोट अंगावर बसत नाही.’ हे वाक्य मी नंतर विमा कचेरीत एका ट्रेनीला माझं म्हणून ऐकवलं आहे.

इंटरनेटवरून फाइल पाठवणं त्यांना जमत असे, पण मोठा ठेवा द्यायचा झाला तर ते पेन ड्राइव्ह देत. तो निळ्या कापडाच्या, बटण लावलेल्या इवल्याशा पिशवीत असे. पिशवी स्वतः शिवलेली. कबूतरखान्याच्या बाजूला एका चहाच्या दुकानात ते पिशवी आणून ठेवत आणि मालकाला सांगून जात. स्वतः भेटायला थांबत नसत. फोनही उचलत नसत. एकाने हौसेने बोलून उत्तरं पाठवली, तर खाली ताबडतोब लिहिलेलं आलं : ‘तोंडी परीक्षा बंद आहे. लेखी द्यावी.’ आम्ही हसलो. म्हाताऱ्याचा ताठा, असं मीसुद्धा कुणाला तरी म्हणाल्याचं आठवतं.

मग माझ्या मामाचं घर आवरायची वेळ आली. मामाचं गिरगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि तरुणपणी त्याला आपलं जड टेप मशीन उचलून कुठेकुठे जाऊन ध्वनिमुद्रण करायचा नाद होता. माळ्यावर टेपचा एक स्पूल सापडला. डबीवर पेन्सिलीने लिहिलेलं : ‘हॉटेल. मिंगेल व मंडळी.’ मी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

फोन न उचलणाऱ्या मास्तरांनी पाच मिनिटांत मला वेगळा संदेश केला. ‘मीनलताई, हा स्पूल कुणाला देऊ नका. वाजवू नका. मशीन माझ्याकडे आहे. घेऊन याल का?’ आणि मग आणखी एक : ‘कृपया.’ हा शब्द त्यांनी आजवर कुणाला लिहिलेला नव्हता.

मी शिवडीला गेले. पाचव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खाली गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. दार मास्तरांच्या बायकोने, काकूंनी उघडलं. मास्तर पाठमोरे, मशीनचं झाकण काढून बसलेले. मी ‘नमस्कार मास्तर’ म्हटलं. त्यांनी मागे पाहिलं नाही. पुन्हा म्हटलं.

‘तेंका ऐकाक येना नाय गो,’ काकू सहज म्हणाल्या, जसं कुणी ‘ते अंघोळीला गेलेत’ सांगेल तसं. ‘पुढ्यात जा आणि मोठ्यान बोल. तुका सांगूक नाय तेनी?’

नव्हतं सांगितलं. कुणालाच. रोटरी मशीनजवळ इतकी वर्षं काढल्यावर आधी बारीक आवाज गेले. झांज गेली, ब्रश गेला, श्वास गेला. मग मधले धूसर झाले. खालचे उरले होते, तेही स्पीकरच्या लाकडावर तळवा ठेवला तर. मी समोर बसून हे सगळं त्यांच्याकडून काढून घेतलं, आणि ते चोरी पकडली गेलेल्या मुलासारखे मशीनच्या चाकाशी खेळत राहिले.

‘मग त्या प्रश्नपत्रिका?’ मी मोठ्याने विचारलं.

‘मला ठाऊक होतं तिथे काय आहे ते,’ ते म्हणाले. ‘चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेलं. पण ते अजून तिथेच आहे का, हे कुणाला तरी विचारायला नको? तुम्ही लोक नुसतं छान म्हणता. मला छानचा काय उपयोग?’

मला दातारांची आठवण होऊन हसू आलं, आणि लगेच हसू आवरावं लागलं.

मग त्यांनी मिंगेलबद्दल सांगितलं. मिंगेल हा ट्रम्पेटवाला, गोव्याचा, धोबीतलावच्या एका कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या क्लबात राहणारा. पँटची ट्रायल द्यायला मास्तरांच्या वडिलांकडे यायचा आणि वेळ असला की ट्रम्पेट काढायचा. शेजारी ओरडतात म्हणून दुकानात टांगलेल्या कोटांच्या रांगेत ट्रम्पेटचं तोंड खुपसून वाजवायचा. ‘आवाज लोकरीतून यायचा,’ मास्तर म्हणाले. ‘आणि तो नेहमी उशिरा. बस सुटता सुटता चढणारी माणसं असतात ना, तसा. आता चुकणार, चुकणार असं वाटायचं, आणि तो दांडीला धरून आत. कधी चुकला नाही. मी जॅझ ऐकायला लागलो तो या माणसामुळे. तो मेला, तरी त्याची तबकडी निघाली नाही. कुणी निघू दिली नाही म्हण, त्यानेच मनावर घेतलं नाही म्हण. मी जन्मभर शोधतोय.’ बोलता बोलता ते मला ‘तू’ म्हणायला लागले होते, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

स्पूल लागला. आधी कपबशांचा आवाज, कुणीतरी बाई हसली, मग बँड सुरू झाला. मास्तरांचा एक तळवा स्पीकरवर, डोळे माझ्या तोंडाकडे. मी जे ऐकू येईल ते सांगत होते. पियानो आहे, जरा बेसूर. ड्रम ब्रशने. आता ट्रम्पेट आलं.

‘कसा येतो? उशिरा?’

मी टेप थांबवली. थोडं मागे घेऊन पुन्हा ऐकलं. ट्रम्पेटवाला चांगला होता. स्वच्छ, खणखणीत, शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखा. तो उशिरा येत नव्हता. ठोक्यावर येत होता, कधीकधी तर ठोक्याच्या किंचित आधी.

मास्तर वाट पाहत होते. काकू चहाचे कप घेऊन दारात थांबल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. ‘हो’ म्हणायला काय लागलं असतं? त्या खोलीत तपासायला दुसरं कुणी नव्हतं. एका शब्दात त्यांचं जन्माचं शोधणं संपलं असतं. मी तो शब्द जिभेवर आणलाही होता. पण या माणसाने मला वर्षभर शिकवलं होतं ते नेमकं उलट होतं.

‘वेळेवर येतो, मास्तर,’ मी म्हणाले. ‘थोडा आधीच.’

त्यांनी तळवा काढला नाही. स्पूल फिरत राहिला. ‘मग तो नव्हे,’ ते शेवटी म्हणाले. ‘गिरगावात तेव्हा मिंगेल काय एकच होता?’

आम्ही चहा घेतला. मास्तरांनी बिस्किट बुडवून खाल्लं, मग डबी उलटी करून मामाच्या अक्षराखाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : ‘दुसरा मिंगेल. वाजवतो चांगला. घाई करतो.’ निघताना दाराशी म्हणाले, ‘तू हो म्हणाली असतीस तर मी मानलं असतं. मग मेलेल्या माणसाला उगाच दुसऱ्याचा कोट घालून बसवला असता. बरं झालं.’

ऐकू येत नाही हे त्यांनी ग्रुपला स्वतः सांगितलं नाही, पण मला सांगायची परवानगी दिली. त्यानंतर दातार त्यांच्यामागे लागले. ओळखीच्या कानाच्या डॉक्टरकडे नेऊन यंत्र बसवून आणलं. मास्तरांनी ते आठ दिवस लावलं. नवव्या दिवशी ग्रुपवर अभिप्राय आला : ‘यंत्रातून बायकोचे बोलणे स्पष्ट येते, हा फायदा की तोटा ते नंतर ठरवीन. सॅक्सोफोन मात्र बादलीत बसून वाजवल्यासारखा येतो. ज्या मनुष्याला एवढे चांगले आठवते, त्याने एवढे वाईट का ऐकावे?’ यंत्र बाजाराला जाताना ते लावत. गाण्याच्या वेळी काढून डब्यात ठेवत.

आणि उत्तरं बदलली. इतके दिवस आम्ही परीक्षा म्हणून लिहीत होतो, आता त्यांना ऐकवायला म्हणून लिहायला लागलो. माणसं एवढं लिहितील असं वाटलं नव्हतं. स्वच्छ प्रतीवरून भांडणारे दोघे एकाच वादनाबद्दल पानं भरायला लागले. अर्थात भांडणं थांबली नाहीत. आता झांज चार मोजेपर्यंत विझते की पाच, यावर अबोला होऊ लागला.

मी महिन्यातून दोन रविवार शिवडीला जाऊ लागले. पुढच्या वर्षभरात त्यांचं उरलेलंही गेलं. तळव्याला फक्त थरथर लागे, अर्थ लागत नसे. मग मी एक दोनशे पानी वही केली. घरी ऐकायचं, सविस्तर लिहायचं, आणि वही त्यांच्या पुढ्यात ठेवायची. ते चष्मा लावून वाचत, मध्येच पेन्सिलीने माझं शुद्धलेखन सुधारत. ‘ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की मला वादक बेसूर वाटतो,’ म्हणत. काकू म्हणत, ‘वाचतत ता गाणा, आणि माका म्हणतत आवाज करू नको.’

मास्तर मागच्या वर्षी गेले. झोपेतच, फार त्रास न होता. दातार दवाखाना बंद ठेवून आले होते. काकू अजून शिवडीलाच आहेत आणि मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

त्यांचा शेवटचा रविवार साधाच होता. मी एका संथ वादनाबद्दल लिहून नेलं होतं. ट्रम्पेट, बेस आणि ब्रश, एवढंच. उजव्या पानाच्या तळापर्यंत आलेलं. मास्तर नेहमीपेक्षा हळू वाचत होते. खिडकीखाली ट्रक मागे घेत होते, काकू तांदूळ निवडत होत्या. खुर्चीखाली त्यांचा उजवा पाय चपलेतून बाहेर आला होता आणि लादीवर हलत होता. अंगठा दोनदा, मग टाच, मग थोडं थांबून पुन्हा. मी जे तीन दिवस ऐकत होते त्याच लयीत, त्याच ठाय लयीत. मी लय लिहिलेली नव्हती. ती कशी लिहायची हे मला अजून येत नाही.

त्यांची नजर शेवटच्या ओळीवर पोचलेली पाहून मी पान उलटायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं.

‘थांब,’ ते म्हणाले. ‘झांज चालू आहे अजून.’