गॅरेजमधला स्टॉक आणि आईंची कटाची आमटी

तीन वर्षं मी असं धरून चाललो होतो की मी माझ्या सासूबाईंना बीफ खायला घातलं.

आज आईंना जाऊन एक वर्ष झालं. आता सांगायला हरकत नाही. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारूनच लिहितोय.

थंडीत मला बीफ स्ट्यू लागतो. इथे अमेरिकेत शिकायला आलो तेव्हा घरमालकीणबाईंनी लावलेली सवय. आणि स्ट्यूला स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, घरचाच हवा. बॉक्समधला म्हणजे नुसतं खारट पाणी.

मेधा शाकाहारी. तिची एकच अट, घरात वास नको.

म्हणून श्रूजबरीच्या आमच्या घरात माझं स्वयंपाकघर गॅरेजमध्ये. दार अर्धं उघडं, दोन बर्नरची शेगडी, माकडटोपी घालून मी.

हाडं बाहेर ग्रिलवर लाल होईपर्यंत भाजायची. मग मोठ्या पातेल्यात पाणी, कांदा, गाजर, सेलरी, मिरे. दहा तास मंद आच. खळखळून उकळलं की गढूळ होतं, म्हणून खुर्ची टाकून शेजारी बसायचं आणि फेस काढत राहायचं.

गाळून झालं की पातेलं मागच्या अंगणातल्या बर्फात. गार झाल्यावर दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरून गॅरेजच्या फ्रीजरमध्ये.

इथल्या कुठल्याही मराठी घरात जा, दह्याच्या डब्यात दही सोडून सगळं असतं. लेबल कोणी लावत नाही. घरच्यांना माहीत असतं ना.

आईंना माहीत नव्हतं.

सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. ऐंशीच्या घरात. अंड्याचा केकसुद्धा चालायचा नाही. मी गॅरेजमध्ये काय करतो ते त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. जाता-येता म्हणायच्या, "श्रीकांतराव, गारठाल."

त्या वर्षी होळीला आठ जण जेवायला होते. मेधाने आठवडाभर आधीच पुरणाची डाळ शिजवून, तिचं पाणी, म्हणजे कट, आमटीसाठी फ्रीझ केला होता.

दह्याच्या डब्यात.

ऐनवेळी तिला ऑफिसचा कॉल आला. "आई, कट गॅरेजच्या फ्रीजरमध्ये आहे, दह्याच्या डब्यात. तेवढी आमटी टाकशील?"

आमटी अशी झाली होती की लोकांनी वाटीने प्यायली. मी तीनदा घेतली. आई स्वतःच म्हणाल्या, "आज जमलीय."

पाहुणे गेल्यावर उरलेल्या पोळ्या ठेवायला मी फ्रीजर उघडला. कटाचा डबा जिथल्या तिथे. स्टॉकचे तीन डबे होते, दोनच उरलेले. तिसरा किचनमध्ये धुऊन पालथा घातलेला.

म्हणजे आमटीत माझा स्टॉक गेला होता.

कोणाला सांगणार? मेधाला सांगितलं असतं तर तिने आईंना सांगितलं असतं. आईंना कळलं असतं तर त्यांनी अन्न सोडलं असतं, अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन्ही डबे फेकून दिले. पातेलं माळ्यावर टाकलं. स्टॉक बंद. मेधाने विचारलं तर म्हणालो, कोलेस्टेरॉल.

पुढे आई माझ्यासाठी ताट वाढायच्या तेव्हा मला वर बघवत नसे. देवापुढे दिवा लावताना त्या दिसल्या की मी दुसऱ्या खोलीत जायचो. यार, हसू नका. खरंच वाईट वर्षं होती ती.

गेल्या हिवाळ्यात थँक्सगिव्हिंगनंतर त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मेधा औषधं आणायला गेली होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"आई, एक सांगायचंय. तुम्ही रागवाल."

"आता रागवायला ताकद कुठेय? बोला."

सगळं सांगितलं. होळी, डबा, हाडं. कशाची हाडं तेही.

त्यांनी डोळे मिटून घेतले. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत.

हसत होत्या.

"अहो श्रीकांतराव, कट कधी थिजतो का?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"डबा बाहेर काढून ठेवला. थोडा सुटल्यावर उघडला, तर वर पांढरा थर आणि खाली थलथल. साठ वर्षं आमटी करतेय मी. लगेच कळलं, हे तुमचं आहे. दुसरा डबा उघडायची हिंमत झाली नाही. ताजी डाळ शिजत घातली आणि तिचं पाणी घेतलं."

"मग आमटी इतकी चांगली कशी झाली?"

"मी केली होती म्हणून."

तीन वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरलं. मी त्यांच्या उशाशी बसून चक्क रडलो. इतकं हलकं मला इथे आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमचं ते मी बर्फात ओतून टाकलं. दिवसभर कुडकुडत केलं होतंत तुम्ही. परत ठेवायला हवं होतं, पण हातात धरवेना. तेव्हापासून तुम्ही करायचंच सोडलंत. मला वाटलं, तुम्हाला कळलं आणि राग धरलात. कितीदा म्हटलं विचारावं. धीर झाला नाही."

म्हणजे त्याही तीन वर्षं माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. एकाच टेबलावर जेवत होतो आम्ही.

"पुन्हा करा," म्हणाल्या. "फक्त डब्यावर लिहीत जा."

पुढे पाच आठवडे होत्या त्या. आम्ही दोघं खूप बोललो. मेधा म्हणायची, तुमचं काय चाललंय एवढं?

गेल्या रविवारी माळ्यावरून पातेलं काढलं. आजच्या दिवशी नाही केलं, तेवढी अक्कल आहे. बाहेर वीतभर बर्फ होता. मी गॅरेजमध्ये माकडटोपी घालून दहा तास बसलो. गारठाल म्हणायला कोणी नव्हतं.

स्टॉक मस्त थिजलाय.

आई, तुम्हाला नमस्कार.

डब्यावर लिहिलंय.