अक्काच्या पायाचं माप

आमच्या साडूभाऊंनी न पारखता आयुष्यात एकच गोष्ट घरात आणली, ती म्हणजे बायको, असं ते तिच्यासमोरच सांगत. बाकी सगळ्याची परीक्षा व्हायची. खाट घेताना ते दुकानातच तिच्यावर घोरू लागले. दुकानदाराला शटर ओढता येईना. छत्रीवर त्यांनी घागरभर पाणी ओतवून घेतलं, स्वतः खाली उभं राहून.

त्यांच्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांना त्यांनी डिस्क ब्रेक बसवून घेतले होते, पण जोर वाढवणारा बूस्टर नव्हता; सगळी ताकद पायाची. कापसाच्या त्या वाईट वर्षांत बोरी अरबच्या आसपास कोणीही आजारी पडलं की हीच गाडी यवतमाळला धावायची. मग साडूभाऊंच्याच छातीत दुखू लागलं, डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला सांगितलं आणि अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, गाडी शिकली. ब्रेक घट्ट लागावा म्हणून मिस्तरीने पेडलमागे तेल ढकलणारा मोठा मास्टर सिलिंडर बसवला. अक्काने पाय दिला तर पेडल दगडासारखं. "दबत नाही जी!" ती ओरडेपर्यंत गाडी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरली होती.

"काढ थो. लहान बसव," साडूभाऊ म्हणाले.

"भाऊ, एवढ्या गाडीले एवढुसा?"

"सुई टोचते का मुसळ टोचते, सांग मले. अन् पाय हिचा हाये, तुहा नाही."

लहान सिलिंडरने पेडल हलकं झालं, पण इतकं खोल जाई की मिस्तरी कपाळाला हात लावून म्हणाला, "एखाद्या दिवशी तळाले टेकन, अन् गाडी थांबाची नाही!"

पुढे त्यांचं दुखणं एकाएकी वाढलं. अक्का गाडी चालवत होती, ते शेजारी घामाने भिजलेले, मी मागे. यवतमाळच्या अलीकडे उतारावर, जिनिंग कारखान्याबाहेर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग होती. एक बैल बिथरला आणि बंडी आडवी आली. अक्काने ब्रेक दाबला. पेडल खाली खाली जात राहिलं.

"दाब," साडूभाऊ डोळे मिटूनच म्हणाले. "भेऊ नको. अजून जाते. दाब."

गाडी थांबली तेव्हा बैलाची शेपटी बॉनेटवर फटकत होती.

"पाह्यलं? माप बरोबर निघालं," ते पुटपुटले.

त्या दिवशी ते वाचले. नंतर दर खेपेला त्या उतारावर, रस्ता मोकळा असला तरी, "दाब" म्हणून ते तिची परीक्षा घेत, आणि अक्का वैतागून म्हणे, "दाबला जी!"

यंदा पोळ्याआधी ते गेले. परवा अक्कासोबत त्याच वाटेने आलो. बंडी नव्हती, बैल नव्हता. उतार आला, गाडी हळू झाली, आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे न पाहता अक्का हलकेच म्हणाली, "दाबला जी."