आंदणाचं झाड

मोतीबिंदू काढून डोळ्यावरची पट्टी उतरली, तेव्हा भावाने आईला विचारलं, आता काय काय पाहायचंय? त्याला वाटलं, ती समुद्र म्हणेल, फार तर पुन्हा एकदा दीक्षाभूमी. आई म्हणाली, "माह्यं झाड."

तिचं झाड म्हणजे धानोऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक तलाव आहे, त्याच्या काठचा मोह. तिकडे जंगलातले मोह घराघरांत वाटलेले असतात. कागद नाही, काही नाही. उन्हाळा लागला की ज्याने झाडाखालचा पाचोळा झाडून जमीन लख्ख केली, त्याचं ते झाड. तिथे पडलेल्या फुलाला दुसरा हात लावत नाही. आईच्या बापाने लग्नात जमली तेवढी भांडी दिली आणि वर हा मोह दिला. आंदणात झाड मिळालेली बाई आमच्या अख्ख्या चंद्रपुरात दुसरी नसेल, आणि आईला त्याचा कोण तोरा! मामी होती तोवर ती झाडाखाली झाडायची, वाळलेली फुलं पाठवायची. पुढे मामा-मामी गेले, घर पडलं, आणि आईचं माहेर त्या एका झाडापुरतं उरलं. ते तरी अजून आपलं आहे का, एवढंच तिला पाहायचं होतं.

चैत्रात मी पुण्याहून आले आणि आम्ही तिघं एका पहाटे निघालो. पण नवी गाडी घेतलेला माणूस सरळ कुठे जातो? भावाने रस्त्यातले सगळे तलाव फोनवर हेरून ठेवले होते. मूलच्या पुढे एका तलावाशी थांबलो, वैनगंगेच्या पुलावर थांबलो, गडचिरोली सोडून जंगल लागलं तिथे पुन्हा थांबलो. पाणी आटून काठ उघडे पडले होते, मधे म्हशी बसलेल्या, मागे निळे डोंगर. सुंदरच होतं, खोटं कशाला बोलू. पण मागच्या सीटवर आईचा पारा चढत होता.

"काऊन थांबवली बे? मोह सकाळीच पडते. दुपारी काय मातेरं पाह्यचं?"

"आई, दोन फोटो."

"माह्या झाडाचे काढजो."

धानोरा मागे टाकून डांबरी रस्ता सुटला तशी ती खिडकीला डोळे लावून बसली. तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाशी, गाडी लावली. ज्या बाईला घरात भिंत धरून चालावं लागायचं, ती पाळ चढून गेली. वर पोहोचल्यावर मलाही वास आला, गोड आणि जड, डोकं धरणारा. डोंगर पाण्यात उतरलेला. काठाला तो मोह, केवढा मोठा! आई चार पावलं पुढे गेली आणि थांबली.

झाडाखालची जमीन झाडलेली होती. पाचोळ्याचं पान नाही. फिक्या फुलांचा सडा, आणि त्यात टोपली घेऊन वेचत बसलेली एक बाई, माझ्याच वयाची.

"जोहार जी," ती हसून म्हणाली. "कुठच्या होय तुम्ही?"

"चांद्याच्या," आई म्हणाली. तिच्या तोंडी चंद्रपूर अजून चांदाच होतं.

"मोह पाह्यले आले का? बसा न."

आई बसली, पण झाडलेल्या जागेच्या बाहेर. मग हळूच विचारलं, "किती वर्स झाले बाई, हा मोह वेचून राह्यली?"

"लगन होऊन आली तवापासून. याले कोनी धनीच नोहता. नुसता पाचोळा पडून राहे. मले कीव आली."

भावाने तोंड उघडलं. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

"मी वेचू लागू का?" तिने विचारलं.

"लागा न जी, त्यात काय!"

मग आई वेचत राहिली. ओणवी होऊन, दोन्ही हातांनी, झपाझप. ओंजळ भरली की त्या बाईच्या टोपलीत. मीही वेचायला बसले, पण माझी पाठ लवकरच बोलू लागली. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी तिच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं, आणि मला रडू येत होतं.

ऊन चढलं, फुलं पडायची थांबली. बाईने आईच्या पदरात पसाभर फुलं घातली. "पुढच्या मोहाले याजा बाई. मी झाडून ठेवतो."

"येतो," आई म्हणाली.

गाडीत भावाचा बांध फुटला. "सांगितलं काऊन नाई? झाड तुह्यं होय!"

"माह्यं म्हटलं असतं, त थे टोपली उचलून गेली असती. मंग मी एकटी काय करू झाडाखाली?" आईने पदरातलं एक फूल तोंडात टाकलं. "तिनं ये म्हटलं. माहेरी ये म्हननारं कोनी तरी लागते."

दिवाळीच्या आधी आई गेली.

यंदा चैत्र लागला तसा भावाचा फोन आला. "मोह लागला असन. जाऊ का आपन?"

मला जायचं होतं. त्या वासाची, त्या पाण्याची, तिथे ओणव्या झालेल्या आईची ओढ लागली होती. तरी नको म्हणाले. आम्ही दोघं पाळीवरून उतरलो की ती बाई आमच्या मागे पाहणार आणि विचारणार, बाई नाई आल्या? सगळ्या गणगोताला कळवून झालंय, तिला मात्र कोणी कळवलेलं नाही. झाडाखाली झाडून ती बसली असेल. तिच्या लेखी आई यायची आहे. आई अजून यायची आहे अशी तेवढी एकच जागा उरली आहे, आणि ती माझ्याने मोडवत नाही.