बुरुल का थबकते

बुरुल सुटली की बाकीच्यांना मागे टाकायची, आणि नेमकी शेवटच्या रेषेजवळ आली की थबकायची. थांबायची नाही हो, पण पाऊल आखूड पडायचं, टाचा टेकायच्या, आणि मागच्या दोघीतिघी छाती पुढे काढून निघून जायच्या. तिची प्रशिक्षक तुर्सुनाय हैराण झाली होती. बूट बदलून झाले, गुडघे दाखवून झाले. डॉक्टर म्हणाला, गुडघे ठणठणीत आहेत, डोकं तपासा.

"शेवटाला तुला भूत दिसतं का गं?" तुर्सुनाय ओरडायची.

"मला कळतच नाही, एजे." तुर्सुनाय तिला थोरल्या बहिणीसारखी, म्हणून एजे.

ताश्कंदच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. संघवाल्यांनी सांगून टाकलं होतं, शंभर मीटरची अंतिम फेरी गाठली तर ठीक, नाहीतर पोरीने गावी परत जाऊन नारीनच्या डोंगरात मेंढ्यांमागे धावावं.

तेवढ्यात बुरुलच्या भावाची धाकटी मुलगी पावलं टाकायला लागली. गावात सोहळा ठरला. लेकराच्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधायची, लांबून बायकांनी धावत यायचं, पहिली येईल तिने सुरीने दोरी कापायची. लेकराला तिची चाल लाभते. तुर्सुनायही गेली, मटण कोण सोडतंय! शहरात हे सगळं हॉटेलच्या गालिच्यावर चार पावलांत उरकतात. इथे अख्खं कुरण मोकळं होतं.

बायका सुटल्या. बुरुल सगळ्यांच्या पुढे. पोरीजवळ आली आणि पाऊल आखूड झालं, टाचा टेकल्या, मग गुडघ्यावर बसून तिने अलगद दोरी कापली. तुर्सुनायने हातातलं हाड ताटात टाकलं आणि तिला बाजूला ओढलं.

"आजवर किती पोरांच्या दोऱ्या कापल्यास?"

"गावातल्या सगळ्यांच्याच! लहानपणापासून. दुसरीला जिंकू देते का मी?"

"आणि थांबायला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? समोर लेकरू असतं, एजे. नाही थांबले तर तुडवेन की!"

घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुसऱ्या दिवसापासून तुर्सुनायने धोशा लावला, "तिथे लेकरू नाही, पुढे पळ." बुरुल मान डोलवायची आणि रेषेपाशी पुन्हा आखडायची. जित्याची खोड ती, सांगून थोडीच जाते! तुर्सुनायने हात टेकले आणि दोघी ताश्कंदला गेल्या.

उपांत्य फेरी. तुर्सुनाय कठडा घट्ट धरून उभी. बुरुल पुढच्या तिघींत होती. रेषा जवळ आली तसं तिचं पाऊल चुकल्यासारखं झालं. तुर्सुनायचा जीव टांगणीला लागला. गेलं, सगळं गेलं! तेवढ्यात बुरुलने डोळे गच्च मिटले आणि तशीच रेषेवरून पलीकडे गेली, पार वळणापर्यंत.

फलकावर नाव झळकलं. तिसरी. अंतिम फेरीत!

"आलीस गं, आलीस!" तुर्सुनाय कठड्यावरून अर्धी बाहेर लोंबकळत ओरडली. पण बुरुलचं फलकाकडे लक्षच नव्हतं. ती परत आली, मागे वळून रेषेकडे पाहत राहिली.

"एजे, कुणाला लागलं नाही ना?"

तुर्सुनायने तिचं घामेजलेलं डोकं छातीशी धरलं. इतकी वर्षं आपण या पोरीवर ओरडलो, याचं तिला रडूच आलं.

"नाही गं माझ्या बाई. कुणालाच नाही."