वरून जाणारा बॉल

मेयो परगण्यातल्या किलमॉइल गावात ‘प्रोफेशनल’ म्हटलं की कोणीही डेअरीकडे बोट दाखवतं. तिथे फिंटन डर्कन दुधाचे कॅन उतरवत असतो. त्याची ती प्रोफेशनल कारकीर्द जेमतेम एक हिवाळा टिकली.

इथला खेळ गेलिक फुटबॉल. त्यात बॉल गोलच्या आडव्या दांड्यावरून गेला तरी एक गुण मिळतो, म्हणून गोलकीपरला वरचा बॉलही उडी मारून खाली ओढावा लागतो. फिंटन असा ओढायचा, की गोलमागे उभा असलेला म्हातारा पेदार ओरडायचा, “ढगात हात घालून आला बघा पोरगा!”

ती उडी पाहून डब्लिनच्या एका सॉकर क्लबाने त्याला पगारावर नेलं. थोरली बहीण अट्रॅक्टा, जिने आईमागे त्याला वाढवलं होतं, तिसरी मॅच बघायला मुद्दाम गेली. दांड्यावरून बाहेर चाललेला बॉल फिंटनने सवयीने उडी मारून गाठला. हाताला लागून गेला म्हणून समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला, आणि त्याच कॉर्नरवर गोल झाला.

“ए मेयोवाल्या, जाऊ दे की त्याला!” तिच्या मागून कोणीतरी ओरडलं. “कावळेपण धरशील आता!”

मॅनेजर क्विग्ली मात्र शांतपणे म्हणाला, “असे हात मी पाहिले नाहीत, पोरा. फक्त वरचा सोडायला शीक. जमलं तर मे महिन्यात दोन वर्षांचा करार.”

फिंटन शिकला. रोज सरावानंतर एकटा थांबून त्याने हातांना गप्प बसायला लावलं. वसंतापर्यंत पेपरात त्याचं नाव येऊ लागलं, करार पक्का झाला. फक्त सही राहिली होती.

तेवढ्यात गावच्या गोलकीपरचं मनगट मोडलं, म्हणून फिंटन एका रविवारी गावाकडून खेळायला आला. समोर शेजारचं ड्रमीन. शेवटची मिनिटं, गुण बरोबरीत. एक बॉल तरंगत दांड्यावरून आला. फिंटनने तो नीट पाहिला आणि जाऊ दिला.

गोलशेजारी उभ्या, पांढऱ्या कोटातल्या पंचाने एका गुणाचा पांढरा झेंडा वर केला. ड्रमीन जिंकलं.

“हात डब्लिनलाच विसरलास का रे?” पेदार म्हणाला. कोणी हसलं नाही.

घरी अट्रॅक्टाने चहा ओतला. “एक मॅच हरली म्हणून गाव बुडत नाही. उद्या जा आणि सही कर.”

“मला उडी मारावीशी वाटलीच नाही गं.”

“मग काय झालं? तिकडे तेच हवंय ना?”

“तिकडे हवंय. पण मला इथल्या गोलमध्ये उभं राहायचंय.”

“डेअरीत कॅन उचलत? मूर्ख आहेस!” तिने किटली आपटली.

तो गेला, पण क्विग्लीच्या तोंडावर नाही म्हणायला. चार दिवस अट्रॅक्टा त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो मैदानात एकटाच दिसला. तिने गमबूट चढवले आणि बॉल हिसकावून घेतला.

“उभा राहा तिथे. पोरगी होते तेव्हा तुझ्यापेक्षा लांब मारायचे.”

ती दांड्यावरून मारत राहिली. त्याचे हात उशिरा उठायचे. “आजोबा झालास का रे?” ती ओरडायची, आणि पुन्हा मारायची. सगळा उन्हाळा दोघांचं हेच चाललं.

पुढच्या वर्षी पुन्हा ड्रमीन, पुन्हा बरोबरी, पुन्हा तसाच तरंगता बॉल. पंच झेंडा उचलायला वाकलासुद्धा होता. तो ताठ झाला तेव्हा त्याचा हात रिकामा होता, आणि बॉल फिंटनच्या छातीशी होता. अट्रॅक्टा मात्र कुंपणावर हात आपटत ओरडत होती, “उशीर! अजून उशीर करतोस!”